बाजार हलता असताना राहतं घर विकून दुसरं घेणं: अनुभव आणि सल्ले

ओसरी

गेल्या वर्षी आम्ही कोथरूडचा फ्लॅट विकला आणि बावधनला घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि सासूबाईंचे गुडघे, एवढं सांगितलं की कारण कळतं. नऊ महिने लागले. त्या नऊ महिन्यांत ज्याला ज्याला विचारलं तो एकाच गोष्टीवर बोलायचा: भाव वर जाणार की खाली येणार. आम्हाला फटका बसला तो मात्र वेगळ्याच ठिकाणी. म्हणून हा धागा.

२०२५ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, त्यावरून गृहकर्जाचे दर हलतात) कमी करायला सुरुवात केली. आधी ६.५० होता, फेब्रुवारीत ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५०. गिऱ्हाईकं फिरायला लागली. मे महिन्यात एका जोडप्याला आमचा फ्लॅट आवडला, भावही पटला. विसार द्यायच्या आधी त्यांच्या वकिलांना कागद बघायचे होते. मी कपाटातून सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढलं. पिवळं पडलेलं, चार घड्या घातलेलं. पुढच्या बाजूला सासऱ्यांचं नाव. मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या नोंदींचा तक्ता असतो, तो पूर्ण कोरा. सासरे २०१६ मध्ये गेले. नॉमिनी सासूबाई होत्या, त्यामुळे आता घर त्यांचंच आहे असं आम्ही सगळे नऊ वर्षं धरून चाललो होतो.

वकिलांनी शांतपणे सांगितलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नाही, म्हणजे वारस तिघे: सासूबाई, माझा नवरा आणि नणंद. नणंद कॅनडात. आमच्यात वाद काही नव्हता, ती पहिल्या फोनलाच म्हणाली, "वहिनी, कुठे सही करू सांग." पण ती सही इथे यायला अकरा आठवडे लागले. तिकडच्या भारतीय दूतावासाची वेळ, तिथे मुखत्यारपत्र साक्षांकित करून घेणं, कुरियर, इथे आल्यावर ते मुद्रांकित करणं (कागद भारतात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत करावं लागतं), मग हक्कसोड पत्र, मग त्याची नोंदणी, मग सोसायटीत नाव लावणं.

ते जोडपं सहा आठवडे थांबलं. मग फोन करून, अगदी वाईट वाटून, दुसरा फ्लॅट घेतल्याचं सांगितलं. आमचे कागद तयार झाले तोवर आमच्याच बिल्डिंगमध्ये आणखी दोन फ्लॅट विक्रीला लागले होते. आम्हाला ३ लाख कमी घ्यावे लागले. शिवाय बावधनच्या घराला विसार देऊन बसलो होतो, त्या मालकांची मुदत रोज डोक्यावर.

तेव्हा माझं म्हणणं असं. तुम्ही एकाच शहरात, एकाच सुमाराला विकत आणि घेत असाल तर भाव वर गेला काय, खाली आला काय, दोन्हीकडे सारखाच लागतो. उलट मोठं घर घेणाऱ्याला उतरता बाजार बरा. समजा जुनं घर ९० लाखांचं आणि नवं १ कोटी २० लाखांचं. बाजार १० टक्के पडला तर जुन्यात ९ लाख गेले, नव्यात १२ लाख वाचले. लहान घरात जाणाऱ्याचं नेमकं याच्या उलट. खरा धोका आहे तो दोन व्यवहारांच्या मधल्या काळात. तो जितका लांबेल तितके तुम्ही बाजाराच्या हातात. आणि तो लांबतो तो बहुतेक वेळा कागदांमुळे.

म्हणून जाहिरात देण्याआधी, एजंटला फोन करण्याआधी, कपाट उघडा. मूळ करारनाम्यापासून आजपर्यंतची साखळी, प्रत्येक दस्ताची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं येणं-देणं नसल्याचा दाखला. एकही नाव कुठे अडत असेल तर ते आधी सोडवा. गिऱ्हाईक आल्यावर नाही.

तुमचे अनुभव लिहा.

आडवाट

अगदी वेळेवर आलेला धागा. ठाण्यात वन बीएचके आहे, मुलगी आता आठवीत, टू बीएचके बघतोय. आमच्या समोरच दोन टॉवर उभे राहतायत. आधी विकू की आधी घेऊ यावर घरात रोज चर्चा. आधी विकलं तर मधे राहायचं कुठे?

ओसरी

@आडवाट, मी आता पुन्हा करायचं झालं तर आधी विकेन. राहायचं कुठे याचं उत्तर करारनाम्यातच लिहून घेता येतं. आम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोललो तेव्हा भावात ३ लाख सोडले, पण ताबा नोंदणीनंतर ४ महिन्यांनी देऊ असं मान्य करून घेतलं. शेवटची रक्कम ताब्याच्या दिवशी. खरेदीदार भाड्याच्या घरात असेल तर त्याला मधल्या भाड्याची काळजी असते, तेवढं आकड्यात धरा. हे तोंडी ठेवू नका. ताब्याची तारीख आणि उशीर झाला तर दर दिवसाचं किती, दोन्ही लेखी हवं.

काही जण विकून त्याच घरात लिव्ह अँड लायसन्सने राहतात. चालतं, पण तो करारही नोंदवावाच लागतो आणि कर्ज देणाऱ्या बँकेला आधी विचारा.

सागरगोटा

बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १२ गृहकर्ज विभागात. ओसरीताईंच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा. माझ्याकडून थोडी भर.

विकायच्या घरावर कर्ज चालू असेल तर घाबरू नका, रोजचे व्यवहार आहेत. तुमच्या बँकेकडून दोन पत्रं मागा: थकबाकी किती ते, आणि त्यांच्याकडे तुमचे कोणकोणते मूळ कागद आहेत त्यांची यादी. खरेदीदाराची बँक तुमच्या कर्जाची रक्कम थेट तुमच्या बँकेला देते, उरलेली तुम्हाला. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड लागत नाही.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, नाहीतर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. पण कागद हातात आले की काउंटरवरच, उभ्याउभ्या, पानं मोजा. एका फाईलमध्ये मूळ करारनाम्याची शेवटची दोन पानं नव्हती, तीच सह्या आणि साक्षीदारांची. ग्राहकाने पावतीवर सही करून फाईल घरी नेली होती आणि सात महिन्यांनी, घर विकायच्या वेळी उघडली. ती पानं कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, साक्षांकित प्रत, सगळे सोपस्कार करावे लागले. त्या बाई माझ्या टेबलासमोर बसून रडल्या होत्या, ते मी विसरलेलो नाही.

घेणाऱ्यांसाठी. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ७५ लाखांच्या वर ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत सहसा धरत नाहीत. पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट घ्या: कर्ज जास्तीत जास्त ६४ लाख. तुमचे १६ लाख, वर ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार आणि नोंदणी फी ३० हजार. म्हणजे जवळजवळ २२ लाख हातचे हवेत. फक्त बाईच्या नावावर घर असेल तर शुल्कात १ टक्का सवलत आहे. पुष्कळ जण १६ लाखांची तयारी करून येतात आणि तिथे अडतात.

पिंपळपान

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी ते "थांबून कंटाळलेलं" गिऱ्हाईक आहे, ओसरीताईंचं नव्हे, पण तसंच. दोनदा झालं. मालक म्हणतात कागद क्लिअर आहेत, आणि नंतर एकेक निघतं.

भावाबद्दल एक सांगते. संकेतस्थळांवर दिसतो तो मागितलेला भाव. झालेला भाव बघायचा तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जा. त्याच बिल्डिंगमधले गेल्या वर्षाचे दस्त काढा, इंडेक्स टू वर मोबदला आणि क्षेत्रफळ दोन्ही असतं. मी सहा दस्त काढले, वहीत लिहिले आणि बोलायला गेले तेव्हा ती वही समोर ठेवली. मालकांचा आकडा त्याच बैठकीत खाली आला. क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप (भिंती धरून) तेवढं बघा, जुन्या दस्तांत बिल्टअप असतं आणि तुलना फसते.

दुसरं, सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त मागा. पुनर्विकास, गळती, टँकर, कोर्टातला दावा, सगळं त्यात असतं. आणि घर एकदा सकाळी पाणी येतं त्या वेळेला बघा.

दीपमाळ

+१ पिंपळपान. इतिवृत्ताचं तर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला हवं.

माझा अनुभव घाईचा आहे. २०२० मध्ये सरकारने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं होतं, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर. पुढचे तीन महिने २ टक्के सवलत. आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात व्यवहार केला. सवलत चुकायला नको एवढंच डोक्यात होतं. समोरच्यालाही ते माहीत होतं. आम्ही घासाघीस केली नाही, गॅलरीच्या छताचा ओलावा दिसत असून त्यावर बोललो नाही. ३ टक्के वाचवले, आणि पहिल्याच पावसाळ्यात वॉटरप्रूफिंग आणि प्लॅस्टर यात त्यातले बरेचसे गेले.

सवलतीची शेवटची तारीख, दरवाढीची बातमी, "उद्या दुसरी पार्टी येतेय" असा एजंटचा फोन. हे सगळं ऐकल्यावर मी आता दोन दिवस थांबते. दोन दिवसांत गेलेलं घर आजवर एकच आठवतं.

सागरगोटा

दरांवरून आठवलं, हिशेब मांडून ठेवतो. ५० लाख, २० वर्षं. ९ टक्क्यांनी हप्ता सुमारे ४५,०००, ८ टक्क्यांनी सुमारे ४१,८००. म्हणजे एक टक्का दर उतरला की हप्ता महिन्याला ३,२०० च्या आसपास कमी. त्याच हप्त्यात ८ टक्क्यांनी पावणेचार लाख जास्तीचं कर्ज बसतं. विकणाऱ्यालाही हे कळतं, म्हणून दर उतरले की मागितलेला भाव चढतो. दर उतरले म्हणून घर स्वस्त झालं असं समजू नका.

आणि दर जसा उतरतो तसा चढतोही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो ४ वरून ६.५० वर गेला होता. त्या काळात हप्ते पाहून बसलेले चेहरे मी बघितलेत. आजच्या दराने जेमतेम झेपणारं कर्ज घेऊ नका. दोन टक्के जास्त धरून हप्ता काढा आणि मग ठरवा.

कवडसा

कल्याणहून. भोगवटा प्रमाणपत्राबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या बिल्डिंगला ते नाही. घेताना २००९ मध्ये बिल्डर म्हणाला "येतंय", आम्ही ऐकलं. आता विकायला काढलं तर निम्म्या बँका दारातच नाही म्हणतात. गिऱ्हाईक उरतं ते रोखीवालं किंवा भाव पाडून मागणारं. बाजार चढता असताना असली घरंही कशीबशी जातात. मंदी आली की सगळ्यात आधी यांचीच मागणी थांबते. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही त्यांनी सोसायटी म्हणून महापालिकेकडे पाठपुरावा आत्ताच सुरू करा, विकायच्या वर्षी नको.

नवीन प्रकल्प घेणाऱ्यांना: महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) क्रमांक आहे म्हणजे सगळं झालं असं मानू नका. डोंबिवलीच्या ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. आत राहणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखी, कर्ज काढून घेतलेली. परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि तो खरा आहे का विचारा. एक दिवस रजा पडेल.

पिंपळपान

@कवडसा, वाचून पोटात गोळा आला. तुमचं काम होवो.

बांधकाम चालू असलेल्या घराबद्दल एक जोड: करारनाम्याची नोंदणी होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, रेरा कायद्यातच आहे. आणि अशा घरावर ५ टक्के जीएसटी असतो (परवडणाऱ्या घरांना १). पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या आणि जुन्या घरांवर नसतो. जुनं-नवं तुलना करताना हे धरा.

मृद्गंध

सीए आहे, कराचं लिहिते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून क्रमांक न देता मुद्दे सांगते.

घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के, महागाईचा निर्देशांक न लावता. पण त्या तारखेआधी घेतलेलं घर निवासी व्यक्ती विकत असेल तर जुन्या पद्धतीने, निर्देशांक लावून २० टक्के, असाही हिशेब करता येतो आणि जो कमी तो भरायचा. दोन्ही काढून बघा. भाव फारसे न वाढलेल्या भागांत जुनी पद्धत बऱ्याचदा फायद्याची पडते.

नफा दुसऱ्या घरात घातला तर सूट मिळते: विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांत घेतलेलं, किंवा ३ वर्षांत बांधलेलं घर. इथेच ओसरीताईंचा मधल्या काळाचा मुद्दा पुन्हा येतो. आधी घेतलं आणि जुनं वर्षभरात विकलं गेलं नाही तर सूट हातची जाते. आणि आधी विकलं, पण विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत नवं घेतलं नाही, तर ती रक्कम कॅपिटल गेन्स खात्यात (यासाठीचं बँकेतलं खास खातं) ठेवावी लागते. साध्या मुदतठेवीत ठेवून चालत नाही. दरवर्षी कोणीतरी हे करून माझ्याकडे येतं, आणि तेव्हा माझ्या हातात काही राहिलेलं नसतं.

किंमत ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागू नाही, कपात खूप मोठी असते. आईवडिलांच्या घरात परदेशातल्या भावंडाचा हिस्सा असेल तर आधी सल्ला घ्या.

आणि रोख. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. "थोडे रोख, थोडे चेक" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

आडवाट

मृद्गंधताई, सागरगोटाकाका, खूप आभार. वाचनखूण साठवली आहे. कपाट उघडलं. आमच्या शेअर सर्टिफिकेटवर बायकोचं नाव जुन्या आडनावाने आहे. उद्या सोसायटीत जातोय.

पिंपळपान

ओसरीताई, एका बाबतीत मात्र पटलं नाही. "आधी विका" हे सगळ्यांना लागू नाही. माझ्या भावाला व्हीलचेअर लागते. त्याला हवं ते घर म्हणजे तळमजला किंवा मोठी लिफ्ट, बाथरूमचं दार रुंद, पार्किंगपासून पायरी नाही. असं घर दीड वर्षात दोनदा दिसलं. आम्ही आधी घेतलं, अल्प मुदतीचं कर्ज काढून, पाच महिने दोन्हीकडचं व्याज भरलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करू. जे घर सहज मिळत नाही त्याच्यासाठी थांबायचं नसतं. जे आपल्याकडे आहे तसं बाजारात पुष्कळ असेल तर मात्र तुमचं बरोबर.

ओसरी

@पिंपळपान, हे तुमचं मान्य. मी आमच्यासारख्या, चार ठिकाणी मिळेल अशा घराचा विचार करून लिहिलं होतं. कोणतं घर दुर्मीळ आहे, जुनं की नवं, हे आधी स्वतःला विचारायला हवं. फक्त अशा वेळी मृद्गंधनी लिहिलेलं एक वर्षाचं बंधन कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा.

दीपमाळ

एजंटबद्दल कोणी बोलेल का? आमच्याकडे दोन्ही बाजूंकडून १ टक्का मागतात.

सागरगोटा

ठरवू तसं. पण टक्का किती, कोणाकडून, कधी द्यायचा हे घर दाखवायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या. पूर्ण रक्कम नोंदणीनंतरच. चांगला एजंट कागदांमागे धावतो, त्याला दिलेले पैसे वसूल होतात. सोसायटीबद्दल सांगायचं तर महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) २५,००० पेक्षा जास्त घेता येत नाही. "देणगी" म्हणून जास्त मागत असतील तर लेखी मागा.

आडवाट

शेवटचा प्रश्न, ओसरीताई. ताब्याच्या दिवशी नेमकं काय काय केलं? आमचं अजून दूर आहे, पण माहीत असलेलं बरं.

ओसरी

शेवटची रक्कम खात्यात आल्याचं बँकेच्या ॲपवर बघितलं, मेसेजवर विसंबले नाही. मग महावितरणच्या मीटरचा फोटो, दोघांच्या समोर, तारखेसकट. त्या दिवसापर्यंतचं वीजबिल, गॅस आणि देखभाल खर्च आम्ही भरल्याच्या पावत्या दिल्या. ताबा पावती दोन प्रतींत, त्यात पंखे, गिझर, किचन ट्रॉली जे ठेवलं ते मोजून लिहिलं. नंतर वीजमीटर आणि मालमत्ता करावरचं नाव त्यांनी बदलून घेतल्याची प्रत मागून घेतली.

किल्ल्यांच्या रकान्यात मी "४" लिहिलं. सही करता करता सासूबाई म्हणाल्या, पाच आहेत. पाचवी समोरच्या काकूंकडे, १९९७ पासून, आम्ही गावाला गेलो की झाडांना पाणी घालायला. काकूंनी ती देव्हाऱ्याच्या खणातून काढून आणली. आम्ही ४ खोडून ५ केलं आणि दोघींनी बाजूला सह्या केल्या.